अरुंद वाटेचे शास्त्र

शाळेची डोंगरसहल ठरली की निघण्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लिहिल्या जातात. रांग सोडू नये. दगड ढकलू नये. आरडाओरडा करू नये. विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कचरा टाकू नये. विद्यार्थी त्या वहीत उतरवून घेतात आणि गाडीत बसेपर्यंत विसरूनही जातात. यात त्यांचा फारसा दोष नाही. सूचनेबरोबर तिचे कारण सांगितले नाही, तर ती नुसती नकारघंटा वाटते. खरे म्हणजे यांपैकी जवळजवळ प्रत्येक सूचनेचे कारण तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. फक्त ते गती, ध्वनी, घर्षण अशा निरनिराळ्या धड्यांत विखुरलेले आहे. या लेखात ते एका जागी गोळा करू. त्यासाठी उदाहरण म्हणून एक प्रत्यक्षातली वाट घेऊ : सांदण दरीची.

दोन किलोमीटरची भेग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर साम्रद नावाचे लहानसे गाव आहे. एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले, समोर आजोबाचा डोंगर. हा सारा मुलूख १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गावापासून थोडे चालून गेले की जमीन दुभंगल्यासारखी दिसते आणि आपण एका भेगेच्या तोंडाशी येतो. हीच सांदण दरी. सांद म्हणजे फट, हे 'सांदीकोपरा' या शब्दावरून आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा दरीला नाव अगदी शोभून दिसते.

दरीची लांबी सुमारे दोन किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती काही ठिकाणी दोनशे फुटांहून, म्हणजे ६० मीटरांहून उंच आहेत. रुंदी मात्र कोठे पाचसात मीटर, तर कोठे दोन माणसे जेमतेम शेजारी उभी राहतील एवढीच. तळाशी लहानमोठ्या धोंड्यांचा खच पडलेला असतो. सुरुवातीच्या भागात पाण्याची दोन कुंडे लागतात. पावसाळा संपून कित्येक आठवडे लोटले तरी त्यांत पाणी असते. पहिल्यात गुडघा-मांडीपर्यंत आणि दुसऱ्यात कंबरेपर्यंत किंवा त्याहूनही वर. मोसमाप्रमाणे ही पातळी कमीजास्त होते. पुढे दरी उतरत जाते आणि कोकणाच्या बाजूला एकदम तुटते. तेथून खाली जाण्यास दोर आणि ते वापरण्यात मुरलेली माणसे लागतात. आपली वाट त्या कड्याच्या पुष्कळ अलीकडे संपते. जेथवर गेलो तेथून आल्या वाटेने परत.

ही घळ कोणी केली? दख्खनचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा थरांवर थर साचून बनला. अशा खडकात जागोजागी लांब, सरळ भेगा असतात. भेग म्हणजे पाण्याला आयती वाट. पावसाळ्यात वाहणारे पाणी आपल्याबरोबर वाळू आणि गोटे घेऊन जाते आणि ते तळ घाशीत जातात. बाजूंच्या भिंतींचा आधार सुटला की कपारीतले धोंडे खाली येतात. समजा, दर वर्षी फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या जाड केसाएवढा खडक झिजला, तर ६० मीटर खोलीसाठी ६ लाख वर्षे लागतील.

म्हणजे घळ घडवणारे कारागीर दोन : वाहणारे पाणी आणि पडणारा दगड. हे कारागीर काम संपवून निघून गेलेले नाहीत. आपण घळीत उतरतो तेव्हा त्यांच्या कामाच्या जागी उतरतो. आधी त्यांच्यातल्या दुसऱ्याची ओळख करून घेऊ.

साडेतीन सेकंद

घळीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या पायाने एक दगड सुटला असे समजा. हवेचा विरोध सोडून द्या आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. १ सेकंदात दगड ५ मीटर पडेल, २ सेकंदांत २० मीटर, ३ सेकंदांत ४५ मीटर आणि साडेतीन सेकंदांत सुमारे ६१ मीटर. म्हणजे साडेतीन सेकंदांत तो तळाशी. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर असेल. महामार्गावरची मोटारही सहसा एवढ्या वेगाने जात नाही.

दगड मोठा असला पाहिजे असेही नाही. २०० ग्रॅमचा, मुठीत मावणारा दगड घ्या. ६० मीटर उंचीवर त्याची स्थितिज ऊर्जा ०.२ × १० × ६० = १२० जूल. १२ किलोग्रॅमचे धान्याचे पोते १ मीटर उंचीवरून टाकले, तर त्याची ऊर्जाही तेवढीच होते. पोते निदान मऊ तरी असते. दगडाची सारी ऊर्जा एका टोकावर एकवटलेली असते. म्हणून काठावर उभे राहून 'खोली किती आहे ते पाहू' असे म्हणत दगड टाकणे हा प्रयोग नव्हे. खाली कोणी नाही असे आपल्याला वाटते, पण वळणाआडची माणसे वरून दिसत नाहीत.

आता हेच गणित खालच्या माणसाच्या बाजूने करा. दगड सुटताच वरच्याने 'दगड!' अशी आरोळी दिली, तर ६० मीटर अंतर कापायला ध्वनीला ६० ÷ ३४० = ०.१८ सेकंद लागतात. म्हणजे आरोळी दगडाच्या सव्वातीन सेकंद आधी खाली पोहोचते. सव्वातीन सेकंद थोडे वाटतात, पण तेवढ्या वेळात भिंतीला पाठ लावून चिकटता येते आणि पाठीवरची पिशवी डोक्यावर धरता येते. वर मान करून मात्र पाहू नये. त्यात वेळ जातो आणि चेहरा उघडा पडतो. आरोळी द्यायला उशीर झाला, तर जेवढा उशीर तेवढी ही शिल्लक कमी. 'आपल्या हातून दगड सुटला हे कळले तर सर रागावतील' असे मनात येऊन दोन सेकंद गप्प राहिलेला मुलगा खालच्याचे दोन सेकंद खर्च करतो.

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. उघड्या मैदानावर तुमच्या चुकीचा त्रास बहुधा तुम्हालाच होतो. घळीत तसे नाही. दोन भिंतींनी सगळ्यांना एका रेषेत आणून उभे केलेले असते. वरचा जे करतो ते खालच्यापर्यंत येते, पुढचा जे करतो ते मागच्यापर्यंत जाते. म्हणून घळीत स्वतःची सुरक्षितता आणि दुसऱ्याशी सौजन्य या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. पुढची सगळी उदाहरणे याचीच आहेत.

आवाजाची गर्दी

घळीत शिरल्याबरोबर ओरडून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. प्रतिध्वनी स्वतंत्र ऐकू येण्यासाठी मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांत सुमारे ०.१ सेकंदाचे अंतर लागते, म्हणून परावर्तक पृष्ठभाग निदान १७ मीटर दूर हवा, हे तुम्ही शिकला आहात. घळीची रुंदी ४ मीटर असेल, तर ध्वनी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर अवघ्या ०.०१२ सेकंदात पोहोचतो आणि पुन्हा परततो. कानाला ही परावर्तने वेगळी करता येत नाहीत. ती एकमेकांत मिसळतात आणि आवाज घुमत राहतो. यालाच निनाद म्हणतात. शब्दाचे पहिले अक्षर घुमत असतानाच दुसरे त्यावर येऊन पडते आणि बोलणे कळेनासे होते.

शिवाय मोकळ्या जागी ध्वनी चहूकडे पसरून लवकर क्षीण होतो. घळीत त्याला पसरायला जागा नसते, म्हणून तो वाटेच्या दिशेने दूरवर जातो. परिणाम असा की घळीत गोंगाट दूरवर पोहोचतो, पण अर्थ पोहोचत नाही. वीस मुले एकाच वेळी ओरडत असतील, तर त्यात 'दगड!' ही आरोळी विरून जाईल. शांत राहणे म्हणजे ऐकण्याची वाट मोकळी ठेवणे.

म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी आणि ती उगाच वाजवू नये. शिट्टीचा स्वर उंच आणि ठाम असतो. तो शब्दांसारखा विस्कटत नाही. डोंगरात मदतीची हाक देण्याचा जगभर रूढ असलेला संकेत असा : एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा वेळा. उत्तर देणाऱ्याने मिनिटात तीन वेळा वाजवावी. हा संकेत सहलीला निघण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर एकदा सर्वांकडून करून घ्यावा.

पाऊस तेथे, पूर येथे

आता पहिल्या कारागिराकडे वळू. घळीतला सर्वांत मोठा धोका आपल्या डोक्यावरच्या आकाशात दिसेलच असे नाही.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, नावाहो लोकांच्या भूमीवर, ॲन्टिलोप कॅन्यन नावाची वालुकाश्मातील अशीच चिंचोळी घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिच्या खालच्या भागात उतरलेल्या ११ पर्यटकांचा अचानक आलेल्या पुरात अंत झाला. घळीवर त्या वेळी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळी पाऊस झाला होता तो काही मैल वरच्या बाजूला. आज तेथे स्थानिक वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही. जॉर्डनमधील पेट्रा या प्राचीन नगरीत जाण्याची वाटही अशाच सव्वा किलोमीटर लांबीच्या घळीतून आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेथील नबातियन लोकांनी घळीच्या तोंडाशी बांध घालून आणि डोंगरातून बोगदा खोदून पुराचे पाणी बाहेरच्या बाहेर वळवले होते. काळाच्या ओघात ती व्यवस्था निकामी झाली, आणि एप्रिल १९६३ मध्ये वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी त्या घळीत पुरात सापडून मरण पावले. त्यानंतर बांध पुन्हा उभारण्यात आला.

एवढे पाणी एकाएकी येते कोठून? हिशेब सोपा आहे. समजा, घळीच्या वरच्या बाजूला १ चौरस किलोमीटर माळ आहे आणि त्यावरचे पाणी उतारामुळे घळीतच येते. अर्ध्या तासात तेथे ३० मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याचे घनफळ : १०,००,००० चौरस मीटर × ०.०३ मीटर = ३०,००० घनमीटर. यातील निम्मे जमिनीत मुरले असे धरा. उरलेले १५,००० घनमीटर पाणी अर्ध्या तासात, म्हणजे १,८०० सेकंदांत घळीतून गेले पाहिजे. म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ घनमीटर. घळीची रुंदी ३ मीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर पाण्याची खोली ८.३ ÷ (३ × २) = सुमारे १.४ मीटर होईल. माळावर ज्या पावसाने बूटसुद्धा पुरते भिजले नसते, त्याच पावसाने घळीत आठवीतल्या मुलाच्या गळ्याशी पाणी येते. पाणी काही वाढलेले नाही. रुंदी कमी झाली आहे एवढेच.

गळ्यापर्यंत पाणी येण्याचीही गरज नाही. वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. गुडघ्याच्या थोडे वरपर्यंत पाणी असेल, तर दोन पायांचे पाण्यापुढे येणारे क्षेत्रफळ सुमारे ०.१२ चौरस मीटर धरता येईल. सेकंदाला २ मीटर वेगाने पाणी त्यांना सुमारे २४० न्यूटन, म्हणजे २४ किलोग्रॅम वजनाएवढ्या बलाने ढकलते. वेग दुप्पट झाला तर हे बल चौपट, म्हणजे ९६० न्यूटन होईल. त्यातच पाण्याच्या उत्प्लावक बलाने पायावरचा भार हलका होतो आणि तळाशी घर्षण कमी होते. ढकलणारे बल वाढते, धरून ठेवणारे घटते, आणि माणूस उभा राहू शकत नाही.

अकोले तालुक्याचा हा पश्चिम कोपरा जिल्ह्यात सर्वाधिक पावसाचा. म्हणून पावसाळ्यात सांदण दरीत उतरण्याचा विचारही करू नये. पण तेवढ्याने भागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग चढतात, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधीही गाठतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. तरीही आदल्या दिवशी हवामानखात्याचा अंदाज पाहावा, सकाळी लवकर उतरावे आणि दुपार चढण्यापूर्वी वर यावे.

घळीत असताना पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, वरच्या बाजूने घरघर ऐकू आली किंवा गार वाऱ्याचा झोत आला, तर एक क्षणही थांबू नये. घळीच्या तोंडाकडे धावत सुटण्यापेक्षा जवळात जवळची उंच जागा गाठावी. ती किती उंच हवी? भिंतीकडे पाहा. कपारींत अडकलेला वाळका पाला, काटक्या, ओंडके ही मागील पुरांनी स्वतः लिहून ठेवलेली पातळी आहे. तिच्याहून वर जाऊन बसावे. ही खूण चालता चालताच पाहून ठेवण्याची सवय लावावी.

चाळीस मुले आणि एक धोंडा

घळीत उतरताना वाटेत एखादा मोठा धोंडा असा येतो की एका वेळी एकच जण त्यावरून पलीकडे जाऊ शकतो. हात द्यायचा, पाय कोठे ठेवायचा ते सांगायचे, पिशवी पुढे सरकवायची. प्रत्येकाला एक मिनिट तरी लागते. वर्गात मुले ४० असतील, तर तो धोंडा ओलांडायला ४० मिनिटे. मागचा कितीही चपळ असला तरी उपयोग नाही. संपूर्ण रांगेचा वेग तिच्यातल्या सर्वांत अरुंद जागेवर ठरतो. ज्या बाटलीची मान अरुंद तिच्यातून तेल सावकाशच पडते.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. पुराचे पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने येत आहे आणि ते ६०० मीटर वर असतानाच तुम्हाला त्याची चाहूल लागली. पाणी ४ मिनिटांत तुमच्यापाशी येईल. ४ मिनिटांत धोंडा ओलांडतील ४ मुले. उरलेल्या ३६ जणांचे काय?

या प्रश्नाला घळीत उत्तर नाही. ते शाळेतच द्यावे लागते. मोठी टोळी एकदम खाली न्यायची नाही. दहा-दहांचे गट करावेत, प्रत्येक गटाबरोबर पुढे एक आणि मागे एक जाणते माणूस असावे. एक गट वर आल्याखेरीज दुसरा त्याच अडचणीच्या जागी पाठवू नये. वर थांबलेल्या गटाला रतनगडाचे रेखाचित्र काढणे किंवा पक्ष्यांची नोंद करणे असे काम द्यावे. शिक्षकांना यात थोडी जास्त धावपळ पडते, पण वेळेची खरी बचत होते आणि घळीतली माणसेही मोजता येतात. उतरताना आणि वर आल्यावर अशी दोनदा मोजणी व्हावी, आणि ती तोंडी अंदाजाने नव्हे, नावे वाचून.

समोरून दुसरा गट आला तर वाट कोणी द्यायची? डोंगरातली रीत अशी की चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी; चढणाऱ्याचा दम आणि पायाची लय मोडू नये हे त्यामागचे कारण. घळीत त्यात आणखी भर घालावी लागते. जो पाण्यात आहे त्याला आधी बाहेर येऊ द्यावे. जो धोंड्यावर अवघडलेला आहे त्याला आधी मोकळा करावा. म्हातारी माणसे, लहान मुले आणि डोक्यावर ओझे घेतलेले गावकरी यांना नेहमीच आधी. थांबायचे ते रुंद जागी, भिंतीला लागून. छायाचित्र काढण्यासाठी अरुंद जागेत रांग अडवून धरणे म्हणजे बाटलीच्या मानेत बूच बसवण्यासारखे आहे.

चपलेचा कोन

ओल्या खडकावर पाय का सरकतो हे घरी पाहता येते. एक लांब फळी घ्या, तिच्या टोकाला चप्पल ठेवा आणि ते टोक हळूहळू उचला. ज्या कोनाला चप्पल घसरू लागेल तो कोनमापकाने मोजा. त्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) म्हणजे चप्पल आणि फळी यांच्यातला स्थैतिक घर्षणाचा गुणांक. कोन ३५ अंश आला तर गुणांक ०.७, ११ अंश आला तर ०.२ च्या आसपास. आता फळी ओली करून पुन्हा मोजा, आणि मग तिला थोडे साबणाचे पाणी लावून मोजा. शेवाळलेला ओला खडक हा या तिसऱ्या फळीचा भाऊ समजावा. शाळेतील निरनिराळी पादत्राणे घेऊन हा प्रयोग केला, तर सहलीला काय घालावे यावर वादच उरणार नाही. खोल नक्षी असलेल्या रबरी तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे बूट घालावेत.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसेल. एकदा घसरू लागलेली चप्पल मध्येच थांबत नाही, कारण गतिक घर्षण स्थैतिक घर्षणापेक्षा कमी असते. म्हणून धोंड्यांवरून उड्या मारीत जाऊ नये. दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन टेकलेले असताना चौथा हलवावा. आणि पुढचा माणूस धोंड्यावरून पूर्ण उतरेपर्यंत मागच्याने त्यावर चढू नये. एक घसरला तर दोघे घसरतात.

ऊन, गारवा आणि घड्याळ

४ मीटर रुंद आणि ६० मीटर खोल घळीच्या तळातून वर पाहिले, तर आकाशाची फीत रुंदीत जेमतेम ४ अंशांची दिसते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. घळ दक्षिणोत्तर असेल, तर तळाशी ऊन येते ते दुपारी दहापंधरा मिनिटे. ती पूर्व-पश्चिम असेल, तर आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे तळाशी ऊन मुळीच पोहोचत नाही.

म्हणूनच कुंडातले पाणी दुपारीही झोंबते. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. ओले कपडे अंगावर वाळवत बसलेल्या मुलाच्या शरीरातली उष्णता झपाट्याने जाते. कोरडे कपडे मेणकापडात बांधून बरोबर ठेवावेत. कुंडात उतरण्यापूर्वी जाणत्याने काठीने खोली पाहावी. स्वच्छ पाण्यात प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे तळ खराहून वर दिसतो. वरून पाहिल्यास १.३ मीटर खोल पाणी सुमारे १ मीटरच वाटते. आणि घळीत संध्याकाळ बाहेरच्यापेक्षा फार लवकर होते, म्हणून परतण्याची वेळ सूर्याकडे पाहून नव्हे, घड्याळाकडे पाहून ठरवावी.

घळीचे मूळ रहिवासी

सह्याद्रीच्या उंच कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी लोंबत असतात. धूर, उग्र अत्तर, गोंगाट आणि दगड यांनी त्या चवताळतात. एका माशीने डंख मारला की पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेले एक रसायन हवेत पसरते आणि त्याने इतर माश्यांना इशारा मिळतो. म्हणून माशी अंगावर बसली तर चापट मारू नये; तोंड झाकून, गाजावाजा न करता तेथून लवकर दूर व्हावे. उघड्या रानात पळायला दहा दिशा असतात, घळीत दोनच. घळीत शेकोटी पेटवणे किंवा फटाका उडवणे याचे फळ मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला भोगावे लागते.

कुंडात बेडूक, खेकडे आणि पाणकिडे राहतात. त्यांना साबण सोसत नाही. थंड, सावलीच्या जागी संत्र्याची सालही लवकर कुजत नाही, मग प्लॅस्टिकची गोष्टच सोडा. घळीत टाकलेली प्रत्येक पिशवी पहिल्याच पावसात एकाच वाटेने खाली जाते आणि कोकणातल्या ओढ्यात पोहोचते. पिशवी टाकणारा घाटावर असतो, ती उचलणारा कोकणात. भिंतीवर नाव कोरणाऱ्यानेही वर्षाला ०.१ मिलिमीटरचा हिशेब आठवावा. २ मिलिमीटर खोल कोरलेले नाव पुसायला पाण्याला २० वर्षे लागतील.

राहिले साम्रदचे गावकरी. या भागात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. वाट त्यांच्या शिवारातून जाते, तेव्हा पीक तुडवू नये आणि विहिरीवर विचारून पाणी घ्यावे. गावातल्या एखाद्या जाणत्या मामांना वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावे आणि निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : 'मामा, कुंडात पाणी किती आहे? पोळी कोठे आहेत? वरच्या अंगाला काल-परवा पाऊस झाला का?' घळ रोज पाहणाऱ्या माणसाजवळ असलेली माहिती कोणत्याही पुस्तकात नसते. त्यांनी 'आज उतरू नका, गुरुजी' असे म्हटले तर उतरू नये. इतक्या लांबून आलो, बसचे भाडे भरले, या गोष्टी पावसाच्या हिशेबात येत नाहीत. अशा वेळी काठावरूनही पुष्कळ पाहण्यासारखे असते, आणि दरी पुढच्या वर्षीही तेथेच असते.

वर्गात करून पाहा

१. तुमच्या गावाजवळचा एखादा अरुंद ओढा घ्या. नकाशावरून त्याच्या पाणलोटाचे क्षेत्रफळ काढा. अर्ध्या तासात २० मिलिमीटर पाऊस झाला आणि निम्मे पाणी मुरले, तर ओढ्याच्या सर्वांत अरुंद जागी पाणी किती खोल होईल?

२. शाळेच्या दारातून तुमचा वर्ग बाहेर पडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. एकदा ढकलाढकली करून, एकदा रांगेने. दोन्ही वेळा लिहून ठेवा. कोणती वेळ कमी येते ते पाहा.

३. दगड ३० मीटर उंचीवरून सुटला आणि आरोळी एक सेकंद उशिरा दिली, तर खालच्या माणसाजवळ किती वेळ उरतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सव्वा ते दीड सेकंदाच्या दरम्यान येईल. ते काढून झाले की सहलीच्या सूचना फळ्यावर पुन्हा लिहा. पण या वेळी प्रत्येक सूचनेपुढे तिचे कारण विद्यार्थ्यांनीच लिहावे. ज्या सूचनेचे कारण कोणालाच सांगता येणार नाही ती खोडून टाकावी. माझा अंदाज असा की फारशा खोडाव्या लागणार नाहीत.